एका अनुस्वाराचा वाद

घानात गेली पंधरा-सोळा वर्षं एका विरामचिन्हावरून भांडण चालू आहे. इंग्रजीत ते चिन्ह, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, शेवटच्या अक्षराच्या अलीकडे द्यायचं (Founder's) की पलीकडे (Founders'), एवढाच मुद्दा. मराठीत आणला तर तो एका अनुस्वाराचा होतो: हा दिवस राष्ट्राच्या संस्थापकाचा की संस्थापकांचा? २००९ मध्ये अध्यक्ष जॉन अटा मिल्स यांच्या काळात देशाला स्वातंत्र्याकडे नेणारे आणि पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले क्वामे एन्क्रुमा यांचा जन्मदिवस, २१ सप्टेंबर, संस्थापक दिन ठरला. एकवचनात. २०१९ मध्ये नाना अकुफो-आडो यांच्या सरकारनं तो मान उचलून ४ ऑगस्टला दिला, या वेळी अनेकवचनात, आणि २१ सप्टेंबरला नुसता एन्क्रुमा स्मृतिदिन ठेवला. जॉन महामा पुन्हा सत्तेवर आले आणि २०२५ मध्ये अनुस्वार पुन्हा पुसला गेला. सरकार बदललं की व्याकरण बदलतं. यात घरगुती धागाही आहे. १९४८ मध्ये इंग्रजांनी ज्या सहा पुढाऱ्यांना पकडलं आणि ज्यांना घानात ‘बिग सिक्स’ म्हणतात, त्यांत एन्क्रुमांबरोबर अकुफो-आडो यांचे वडीलही होते, आणि त्याच सहांतले, एन्क्रुमांचे सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी जे. बी. डान्क्वा हे त्याच नात्यातले. म्हणून एक पक्ष म्हणतो, तुम्ही आजोबा-काकांना इतिहासात घुसवताय. दुसरा म्हणतो, तुम्ही एका हुकूमशहाची पूजा बांधताय.

हा वाद चुकीच्या जागी घातला जातोय असं मला वाटतं, आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. १९५७ च्या स्वातंत्र्याचं श्रेय एन्क्रुमांच्या विरोधकांना वाटतं त्याहून कितीतरी जास्त त्यांचं एकट्याचं आहे. आणि १९५८ नंतर जे झालं, विरोधकांना खटल्याविना डांबणं आणि शेवटी एकाच पक्षाचं राज्य, त्याचा दोष त्यांच्या भक्तांना वाटतो त्याहून कितीतरी जास्त त्यांचा एकट्याचा आहे. या दोन रकमा एकमेकींतून वजा होत नाहीत. धरण बांधलं म्हणून तुरुंगातला माणूस जिवंत होत नाही, आणि माणूस तुरुंगात मेला म्हणून निवडणूक हरल्यासारखी होत नाही. दोन्ही बाजू मात्र वजाबाकीच करत बसल्या आहेत. उत्तर शून्याच्या वर आलं तर पुतळा, खाली आलं तर शिवी.

एन्क्रुमांच्या आयुष्यातली एक गोष्ट या वादात कुणी फारशी काढत नाही. माझ्या मते मोजपट्टी तिथेच सापडते. १९३५ मध्ये गोल्ड कोस्टमधला (इंग्रजांच्या काळात घानाचं हेच नाव होतं) हा तरुण शिक्षक अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन विद्यापीठात गेला. सुट्टीत हार्लेमच्या रस्त्यावर मासे विकणं, साबणाच्या कारखान्यात राबणं, बोटीवर ताटं उचलणं, हे सगळं करत तो तिथे शिकला, आणि ‘फाय बीटा सिग्मा’ या विद्यार्थी-बंधुमंडळाचा सभासद झाला. अमेरिकी कॉलेजांत ग्रीक अक्षरांच्या नावांची अशी मंडळं असतात. शपथ घेऊन आत यायचं आणि एकमेकांना जन्मभर भाऊ मानायचं. गोऱ्यांच्या मंडळांत काळ्या विद्यार्थ्यांना जागा नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःची काढली. हे मंडळ ९ जानेवारी १९१४ रोजी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात तीन विद्यार्थ्यांनी सुरू केलं. त्या संस्थापकांचा (इथे अनुस्वाराबद्दल वाद नाही) एक आग्रह होता, तो सांगायला इंग्रजीत त्यांना विशेषण जोडावं लागलं: सगळ्यांना सामावून घेणारा ‘वुई’ हवा, बाकीच्यांना बाहेर ठेवणारा नको. आपल्याला विशेषणाची गरज नाही. मराठीत दोन वेगळे शब्दच आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. चार वर्षांचं पोर ‘आम्ही जेवलो’ आणि ‘आपण जेवू या’ यांत गल्लत करत नाही. ज्या समाजाला सगळीकडून ‘आम्ही’ ऐकवलं गेलं, त्याच्या तीन मुलांनी स्वतःची संस्था काढताना ‘आपण’ निवडला, हे मला फार मोठं वाटतं. एन्क्रुमांना तोलायचंच असेल तर या शब्दावर तोलू या. त्यांच्या ‘आपण’मध्ये कधी किती माणसं मावत होती?

आधी विरोधकांची बाजू घेतो, आणि ती तिच्या सर्वांत भक्कम रूपात घेतो. ४ ऑगस्ट ही तारीख उगाच काढलेली नाही. १८९७ मध्ये जमिनी सरकारजमा करण्याच्या कायद्याला विरोध करायला निघालेली हक्क संरक्षण संस्था त्या तारखेशी जोडलेली आहे, आणि ४ ऑगस्ट १९४७ रोजी सॉल्टपाँड या किनाऱ्यावरच्या गावात युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन हा पक्ष निघाला. तेव्हा एन्क्रुमा लंडनमध्ये होते. पक्षाला त्यांचं नाव सुचवलं ते लिंकनमध्येच शिकलेल्या आको आजेई यांनी. लाकडाचे व्यापारी ‘पा’ ग्रँट यांनी प्रवासाला शंभर पौंड पाठवले, तेव्हा हा माणूस घरी आला. देशाला ‘घाना’ हे नाव द्यावं हा आग्रह डान्क्वांचा. गोल्ड कोस्टला स्वतःचं विद्यापीठ मिळावं म्हणून ज्यांनी रान उठवलं त्यांत डान्क्वा पुढे होते. घर कुणी बांधलं यावर भांडताना जागा कुणी घेतली, नाव कुणी ठेवलं, आणि गवंड्याला गाडीभाडं कुणी दिलं, हे विसरून कसं चालेल? चालणार नाही. ज्यांना एकवचन हवं आहे त्यांनी याचं उत्तर द्यायला हवं, आणि ‘ते वकील होते, इंग्रजाळलेले होते’ हे उत्तर होत नाही. वकील असणं हा गुन्हा असता तर आपल्याकडची निम्मी काँग्रेस बाद झाली असती.

पण पुढे काय घडलं तेही बघा. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी दुसऱ्या महायुद्धातून परतलेले माजी सैनिक आपला अर्ज घेऊन राजधानी अक्र्यात गव्हर्नरच्या किल्ल्याकडे निघाले. त्यांतले कितीतरी ब्रह्मदेशच्या जंगलात, हिंदी फौजांच्या शेजारी, जपान्यांशी लढलेले. पेन्शन आणि नोकऱ्यांची वचनं पाळली गेली नव्हती. चौकात पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तिघे सैनिक पडले, शहर पेटलं. इंग्रजांनी सहा पुढारी पकडले, पुढे सोडले, आणि राज्यघटना सुचवायला न्यायमूर्ती कौसी यांच्या अध्यक्षतेखाली आफ्रिकी सदस्यांची समिती नेमली. डान्क्वा आणि त्यांचे काही सहकारी समितीत बसले. एन्क्रुमांना बोलावणंच नव्हतं. समिती ‘शक्य तितक्या लवकर’ स्वराज्याचा मसुदा करत होती, तेव्हा बाहेर राहिलेला माणूस ‘आत्ता’ म्हणत गावोगाव फिरत होता. १२ जून १९४९ रोजी त्यांनी स्वतःचा कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी हा पक्ष काढला. त्या पक्षातली माणसं कोण होती? बाजारात कापड आणि मासळी विकणाऱ्या बाया, लॉरीवाले, सातवी करून नोकरीविना हिंडणारी मुलं. घर नाही म्हणून दुसऱ्यांच्या व्हरांड्यात रात्र काढणाऱ्या या मुलांना प्रतिष्ठित मंडळी तुच्छतेनं ‘व्हरांड्यातली पोरं’ म्हणत. आपल्या भाषेत, ओट्यावर झोपणारी. पोरांनी ती शिवी बिरुद म्हणून लावून घेतली.

मोठा फरक इथे पडला, आणि सॉल्टपाँडच्या सभेचा मान राखूनही तो नाकारता येत नाही. देशाचं नाव सुचवणं वेगळं, आणि ओट्यावरच्या पोराला हा देश तुझा आहे हे पटवून देणं वेगळं. जानेवारी १९५० मध्ये एन्क्रुमांनी ‘पॉझिटिव्ह अॅक्शन’ पुकारली: संप, बहिष्कार, असहकार, आणि पूर्ण अहिंसा. गांधींच्या पद्धतीचा अभ्यास करूनच आपण या मार्गावर आलो हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. (घाना विद्यापीठाच्या लेगॉन परिसरातून २०१८ मध्ये गांधींचा पुतळा काढला गेला, तेव्हा आपल्याकडे पुष्कळांना राग आला. तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत गांधींनी आफ्रिकी माणसांबद्दल जे लिहिलं ते वाचलं तर आक्षेप खोटा म्हणता येत नाही. त्या लिखाणातही ‘आम्ही’च होतं. आणि त्याच गांधींच्या रीतीतून अक्र्यात ‘आपण’ उभं राहिलं, हेही तितकंच खरं.) एन्क्रुमा तुरुंगात गेले. तिथून शौचाच्या कागदावर पेन्सिलीच्या तुकड्यानं सूचना लिहून ते बाहेर पाठवत, आणि बाहेर कोमला ग्बेडेमा पक्ष चालवत. फेब्रुवारी १९५१ च्या निवडणुकीत पक्षानं लोकनियुक्त ३८ जागांपैकी ३४ जिंकल्या. तुरुंगातल्या उमेदवाराला अक्रा मध्य मतदारसंघात २३,१२२ पैकी २२,७८० मतं पडली. गव्हर्नर आर्डन-क्लार्क यांनी १२ फेब्रुवारीला त्यांना सोडलं. गर्दी त्यांना मिरवत मैदानावर घेऊन गेली. मेंढी कापली, आणि तुरुंगाचा विटाळ जावा म्हणून त्यांनी अनवाणी पायांनी सात वेळा त्या रक्तात पाऊल ठेवलं. दुसऱ्या दिवशी सरकार बनवायला ते गव्हर्नरांकडे गेले. कार्यकर्त्यांच्या पांढऱ्या टोप्यांवर ‘पीजी’ अशी दोन अक्षरं भरलेली असत: प्रिझन ग्रॅज्युएट, तुरुंगाचे पदवीधर. ६ मार्च १९५७ च्या मध्यरात्री जुन्या पोलो मैदानावर स्वातंत्र्याची घोषणा करताना एन्क्रुमांच्या डोक्यावर तीच टोपी होती. ज्यांच्याकडे लिंकनची किंवा लंडनची पदवी नव्हती त्यांनाही मिळवता येईल अशी पदवी त्या टोपीवर होती. ‘आपण’ याला म्हणतात. १९५१, १९५४, १९५६, तीन निवडणुका लोकांनी याच शब्दाला दिल्या. विरोधकांनी हे श्रेय सहा जणांत सारखं वाटायला जाऊ नये, ते वाटलं जात नाही.

पण त्याच वर्षा-दोन वर्षांत दुसरी एक गोष्ट झाली. नव्या देशाची नाणी निघाली. त्यांवर एन्क्रुमांचा मुखवटा, आणि भोवती लॅटिन अक्षरं: घाना राष्ट्राचा संस्थापक. एकवचनात. आजचा वाद पंधरा वर्षांचा नाहीच, तो त्या नाण्याइतका जुना आहे. लॉरीवाल्यानं ते नाणं हातात घेतलं तेव्हा त्याला त्यावरचं एक अक्षरही वाचता आलं नसणार.

आता समर्थकांची बाजू, तीही भक्कम रूपात. ते म्हणतात, तुम्ही १९५८ चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा हवेत लटकवून बघता. भोवती काय चाललं होतं ते बघा. ही तक्रार रास्त आहे. १९५४ मध्ये सरकारनं कोकोचा खरेदी भाव बांधून टाकला, जागतिक बाजारातला भाव त्याच्या कितीतरी वर असताना. अशांती प्रदेशातला शेतकरी चिडला, आणि तिथल्या कुमासी शहरात नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट उभी राहिली. संघराज्य हवं ही तिची मागणी कायदेशीर होती. पण दोन्हीकडून डोकी फुटली, घरं जळली, १९५५ मध्ये एन्क्रुमांच्या अक्र्यातल्या घरावर बॉम्ब पडला. पुढे १ ऑगस्ट १९६२ रोजी कुलुंगुगू गावात त्यांच्यावर बॉम्ब टाकला गेला, जानेवारी १९६४ मध्ये त्यांच्या निवासस्थानीच एका शिपायानं गोळ्या झाडल्या आणि त्यांचा अंगरक्षक मेला. जिवावर उठलेली माणसं काल्पनिक नव्हती. अमेरिकाही काल्पनिक नव्हती. घानात लवकरच पाश्चात्त्यांना अनुकूल बंड होईल असं १९६५ मध्ये वॉशिंग्टनमधले अधिकारी एकमेकांना लिहीत होते, ते कागद आता अमेरिकी सरकारनंच छापले आहेत. आणि अशा कायद्याची कल्पना एन्क्रुमांना आकाशातून सुचली नव्हती. भारतानं स्वतःचा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा १९५० मध्ये, प्रजासत्ताक होऊन महिना-दीड महिना होतो न होतो तोच केला. घानाची गुप्तचर यंत्रणा उभारून द्यायला नेहरूंच्या सरकारनं आर. एन. काव यांना, पुढे ‘रॉ’ उभारणाऱ्या गुप्तचर अधिकाऱ्याला, अक्र्याला पाठवलं होतं. आपण दूर बसून न्यायाधीश व्हावं इतके काही आपले हात कोरे नाहीत.

हे सगळं मान्य. मग प्रश्न विचारतो: बॉम्ब १९६२ चा, कायदा १९५८ चा. औषध रोगाच्या चार वर्षं आधी कसं काय दिलं? १९५५ चा बॉम्ब दाखवला जाईल. पण १९५६ ची निवडणूक त्याच धामधुमीत झाली आणि १०४ पैकी ७१ जागा जिंकून एन्क्रुमांनी ती साध्या कायद्यानं निभावली होती. सत्ता डळमळत असताना न लागलेलं हत्यार सत्ता पक्की झाल्यावर का लागावं? आणि भारताचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्या. आपल्या घटनेच्या २२ व्या कलमात पळवाटा आहेत हे खरं, पण तीन महिन्यांपुढे माणसाला डांबायचं तर निदान सल्लागार मंडळासमोर जायची अट त्यात लिहिली गेली. घानाच्या कायद्यात पाच वर्षं होती. खटला नाही, साक्षीदार नाही. आपल्याकडे त्या पळवाटांतून पुढे मिसा आला, १९७५ मध्ये येरवडा राजकीय कैद्यांनी भरला, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्ये त्या कैद्यांचा दरवाजा बंद केला. म्हणून तर भारताचं उदाहरण एन्क्रुमांच्या बचावाला येत नाही, ते साक्षीला येतं. बिनखटल्याची कोठडी कुणाही चांगल्या माणसाच्या हाती सुरक्षित नसते, हे घानात दिसलं त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी आपल्याकडे दिसलं.

घानात ते कसं दिसलं, ते जरा जवळून बघावं असं आहे. अशांती चळवळीचे पुढारी बाफुर ओसेई अकोटो आणि त्यांचे सोबती १९५९ मध्ये स्थानबद्ध झाले. त्यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला. बाजू मांडायला उभे राहिले डान्क्वा. त्यांचा मुद्दा सरळ होता: पदग्रहण करताना राष्ट्राध्यक्ष जाहीरपणे सांगतो की कुणाचंही स्वातंत्र्य विनाकारण हिरावलं जाणार नाही, मग त्या शब्दांना कायद्याचं बळ आहे की नाही? २८ ऑगस्ट १९६१ रोजी न्यायालयानं सांगितलं, नाही, ती नैतिक प्रतिज्ञा आहे, कायद्याचं बंधन नव्हे. ऑक्टोबर उजाडला आणि त्याच कायद्याखाली वकील स्वतः आत गेला. एक वर्षापूर्वी, १९६० मध्ये, हे डान्क्वा राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एन्क्रुमांसमोर उभे राहिले होते आणि त्यांना दहातलं एक मत पडलं होतं. दहातली नऊ मतं ज्याच्याकडे आहेत त्याला उरलेल्या एकाची एवढी भीती का वाटावी? अमेरिकेचा पैसा घेतल्याचा आरोप डान्क्वांवर आजही केला जातो. समजा घेतला. मग खटला चालवायचा होता. आरोप जितका गंभीर, तितकी खटल्याची गरज मोठी; इथे उलटं झालं. जून १९६२ मध्ये ते सुटले, जानेवारी १९६४ मध्ये पुन्हा आत गेले, आणि ४ फेब्रुवारी १९६५ रोजी न्सावामच्या तुरुंगात मरण पावले. ज्या दोन अक्षरांच्या टोपीनं देश उभा केला, ती टोपी आता ज्यांच्या डोक्यावर बसायला हवी होती ते टोपीवाल्याच्याच तुरुंगात होते.

आणि तो ‘आपण’ किती वेगानं आकसला बघा. तुरुंगाबाहेर राहून १९५१ ची निवडणूक जिंकून देणारे ग्बेडेमा १९६१ मध्ये मंत्रिपदावरून गेले आणि देश सोडून निघून गेले. ज्यांनी लंडनमधल्या मित्राचं नाव सुचवलं ते आको आजेई परराष्ट्रमंत्री होते. कुलुंगुगूच्या बॉम्बनंतर त्यांच्यावर कटाचा आरोप आला. डिसेंबर १९६३ मध्ये सरन्यायाधीश कोर्सा यांच्या न्यायालयानं त्यांना आणि आणखी दोघांना निर्दोष ठरवलं. एन्क्रुमांनी सरन्यायाधीशांना काढून टाकलं, निकाल रद्द करण्याचा अधिकार कायद्यानं स्वतःकडे घेतला, आणि खटला पुन्हा चालवला. या खेपेला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कैदेत बदलली. मधल्या काळात, जानेवारी १९६४ मध्ये, देशात एकच पक्ष असावा का यावर सार्वमत झालं आणि हो म्हणणाऱ्यांची संख्या ९९ टक्क्यांच्या वर निघाली. हा आकडा २३,१२२ पैकी २२,७८० याच्या फार जवळचा आहे. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त वेदना या साम्यानं होते. १९५१ ला तुरुंगातल्या माणसाला लोकांनी उचलून धरलं होतं; १९६४ ला तुरुंगांच्या मालकाला मोजणाऱ्यांनी उचलून धरलं. बेरीज तीच, शब्द ‘आम्ही’ झाला.

इथे त्या बंधुमंडळाकडे परत येतो. काळ्या अमेरिकी संस्थांच्या थोर सभासदांच्या यादीत एन्क्रुमांचं नाव अभिमानानं येतं, आणि त्याच्या शेजारी बहुतेक वेळा न्नामदी अझिकिवे यांचं. तेही लिंकनचे पदवीधर, तेही त्याच मंडळाचे सभासद. तिशीच्या दशकात अक्र्यात ‘आफ्रिकन मॉर्निंग पोस्ट’ हे वर्तमानपत्र चालवत होते ते हेच. तरुण एन्क्रुमांना अमेरिकेची दिशा लागली त्यात त्यांचा हात होता. पुढे ते नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. यादी इथे थांबते. पण डान्क्वांच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा शेजारच्या देशाच्या राष्ट्रप्रमुखपदावर असूनही अझिकिवे जाहीरपणे बोलले. डान्क्वांवर उघड खटला चालायला हवा होता, गुन्हा काय ते त्यांना सांगायला हवं होतं, मग सोडायचं तर सोडायचं, शिक्षा करायची तर करायची, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि परकी सत्तेच्या जागी स्वकीयांचा जुलूम आणणं हाच स्वातंत्र्याचा अर्थ असेल, तर त्यासाठी लढलेल्यांनी आपल्याच लोकांचा विश्वासघात केला, इतक्या स्पष्ट शब्दांत ते बोलले. भावानं भावाला हे सांगितलं. एन्क्रुमांवर टीका करणारे सगळे इंग्रजांचे हस्तक, हा युक्तिवाद ज्यांना आवडतो त्यांनी अझिकिवे यांचं काय करायचं ते ठरवावं. हा माणूस इंग्रजी राजवटीत राजद्रोहाच्या खटल्यात उभा राहिलेला होता.

यावर समर्थकांकडे एक उत्तर आहे, आणि ते मी टाळणार नाही, कारण मला स्वतःला ते बराच काळ पटत होतं. ते म्हणतात, अझिकिवे यांनी सगळं नीट केलं. संघराज्य, अनेक पक्ष, शोभेचं राष्ट्राध्यक्षपद. काय मिळालं? १५ जानेवारी १९६६ रोजी नायजेरियात लष्करानं बंड केलं, तेव्हा अझिकिवे देशाबाहेर होते. पाचसहा आठवड्यांनी, २४ फेब्रुवारीला, घानात लष्कर आणि पोलिसांनी बंड केलं, तेव्हा हनोईला निघालेले एन्क्रुमा पेकिंगमध्ये (आजच्या बीजिंगमध्ये) होते. एकाच विद्यापीठाचे, एकाच मंडळाचे दोघे भाऊ, दोघेही परदेशात असताना पडले. मग हुकूमशाही आणि लोकशाही यांचा फरक काय राहिला? मला वाटतं, या जुळ्या घटनेतून एवढंच सिद्ध होतं की एन्क्रुमा हुकूमशहा होते ‘म्हणून’ पडले, ही विरोधकांची आवडती गोष्ट खरी नाही. वसाहतीच्या सैन्यावर नवा झेंडा लावला की ते सैन्य लोकांचं होत नाही, हे दोन्हीकडे दिसलं. कोकोचा भाव कोसळलेला, तिजोरी रिकामी, ही कारणंही होती. पण पडण्याच्या आधी काय केलं याचा हिशेब पडण्यामुळे मिटत नाही. अझिकिवे पडले तेव्हा त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या नावावर डान्क्वांसारखी कोठडी नव्हती. अक्र्यात बंडाच्या दिवशी तुरुंगांची दारं उघडली आणि शेकडो माणसं बाहेर आली, लोक रस्त्यावर नाचले. त्या नाचण्यात एकही भाडोत्री नव्हता असं मी म्हणत नाही. पण सगळे भाडोत्री होते असं म्हणायला फार जाड कातडी लागेल.

बंडाच्या जेमतेम महिनाभर आधी, २२ जानेवारी १९६६ रोजी, एन्क्रुमांनी व्होल्टा नदीवरच्या अकोसोम्बो धरणाचं उद्घाटन केलं होतं. सुमारे ऐंशी हजार माणसं त्या पाण्याखाली गेलेल्या गावांतून उठली. वीज आजही देशाला लागते. तेमाचं बंदर, शाळा, कुमासीचं विज्ञान विद्यापीठ, अख्ख्या आफ्रिकेच्या मुक्तीचं ते स्वप्न ज्यासाठी १९५८ च्या डिसेंबरात काँगोचे लुमुम्बा आणि अल्जीरियाच्या लढ्यातले फानों अक्र्यात एका छपराखाली जमले, हे सगळं खरं आहे आणि मोठं आहे. ते लिहावं, मुलांना शिकवावं. फक्त त्याच पानावर न्सावाम लिहावं. पुढच्या पानावर नको, तळटीपेत नको. घानाला खरोखर दिनदर्शिकेचंच काही करायचं असेल तर अनुस्वाराची ओढाताण सोडून २१ सप्टेंबरला शाळांमधून अकोटो खटल्यातला डान्क्वांचा युक्तिवाद वाचावा, आणि ४ ऑगस्टला व्हरांड्यातल्या पोरांची नावं. दोन्ही घराण्यांना ते झोंबेल.

जुन्या पोलो मैदानावर आता एन्क्रुमांचं स्मारक आहे. तिथे दोन पुतळे आहेत. पुढचा मोठा, हात पुढे करून उभा, लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. दुसरा १९६६ मध्ये जमावानं पाडलेला, मुंडकं नसलेला. ते मुंडकं कुणीतरी घरी नेऊन जपून ठेवलं होतं, २००९ मध्ये ते परत आलं आणि धडाशेजारी वेगळ्या चौथऱ्यावर ठेवलं गेलं; ते पुन्हा जोडलेलं नाही. ज्या बंडात तो पुतळा पडला त्याचे एक म्होरके कर्नल कोटोका यांचं नाव १९६९ मध्ये त्याच शहराच्या विमानतळाला दिलं गेलं. एन्क्रुमा गिनीत अहमद सेकू तुरे यांच्या आश्रयाला राहिले आणि २७ एप्रिल १९७२ रोजी बुखारेस्टच्या रुग्णालयात वारले. बंडानं उघडलेल्या दारांतून आको आजेई बाहेर आले, आणि राजकारणापासून दूर राहून पुढची पस्तीस वर्षं अक्र्यात जगले. ‘बिग सिक्स’मधल्या त्या सहांपैकी सर्वांत शेवटी गेले ते तेच, जानेवारी २००२ मध्ये. पा ग्रँटच्या शंभर पौंडांवर लंडनहून कुणाला बोलवायचं, हे ज्यांनी सुचवलं होतं ते.